रस्त्यावर बीआरटी येणार, तेव्हा नागरिकांनी काय विचारावं?

उपनगरातल्या मोठ्या रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र वेगवान मार्गिका, आखली जात असताना नागरिकांनी त्यात कसा आणि केव्हा भाग घ्यावा, यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्राधिकरणानं आराखडा प्रसिद्ध करून 30 दिवसांत हरकती-सूचना मागवल्या आहेत. यालाच लोकसहभाग म्हणायचं का?

हरकती-सूचनांची मुदत येते तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. मार्ग पक्का झालेला असतो, रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत कशाला किती जागा, ठरलेला असतो, खर्चाचा अंदाजही मंजूर झालेला असतो. म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारा: आराखडा किती टक्के झाला आहे? अभियंते कामाची प्रगती साधारण 10, 30, 60 आणि 90 टक्के अशा टप्प्यांत मोजतात आणि प्रत्येक टप्प्यावर काय बदलता येतं ते वेगळं असतं.

10 टक्क्यांवर मूळ प्रश्न खुले असतात. बस कोणत्या रस्त्यावरून जाईल, मार्गिका दुभाजकालगत असेल की कडेला, पार्किंग राहील का, झाडांची रांग वाचेल का. इथे बदल म्हणजे कागदावरची रेघ खोडणं. 30 टक्क्यांवर स्थानक 50 मीटर पुढेमागे होऊ शकतं, पादचाऱ्यांची ओलांडणी वाढवता येते, कोणत्या चौकात वळण बंद करायचं ते बदलता येतं. 60 टक्क्यांवर पावसाळी गटारांचे उतार, विजेच्या आणि पाण्याच्या वाहिन्या, सिग्नलच्या खांबांचे पाये जागच्या जागी बसलेले असतात. तेव्हा एक स्थानक हलवलं की त्या पट्ट्यातले उतार नव्यानं काढावे लागतात, केबल फिरवावी लागते, खर्चाचं पत्रक पुन्हा मंजूर करावं लागतं. या टप्प्यावर ‘आता उशीर झाला’ असं उत्तर मिळालं तर ते बहुधा खरंच असतं. 90 टक्क्यांवर उरतात ती बाकं, फलक, रंग आणि झाडांच्या जाती.

घोळ नेमका इथे होतो. लोकांना 90 टक्क्यांवर बोलावून शेडचा रंग विचारला जातो आणि लोक विचारतात, हा रस्ताच का निवडला? प्रश्न रास्तच असतो, पण त्याची वेळ निघून गेलेली असते. किमान तीन फेऱ्या हव्यात. पहिली संकल्पचित्र पक्कं होण्याआधी, दुसरी 30 टक्क्यांवर, तिसरी 60 टक्के पूर्ण होण्याच्या आत. दोन फेऱ्यांत निदान सहा आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर आलेल्या सूचना तपासायला अभियंत्यांना वेळच मिळत नाही. प्रत्येक फेरीच्या निमंत्रणावर दोन ओळी छापल्याच पाहिजेत: आज काय बदलू शकतं, आणि काय ठरून गेलं आहे व ते का.

मार्गिका कोणाच्या जागेतून काढायची, हा प्रश्न लांबणीवर टाकला की तो संपत नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीपासून सॅन लिअँड्रोपर्यंत बीआरटी नेण्याची योजना होती. 2010 मध्ये बर्कलीच्या नगर परिषदेनं आपल्या हद्दीत स्वतंत्र मार्गिका नाकारल्या. मार्ग ओकलंड ते सॅन लिअँड्रो एवढाच उरला आणि तोही 2020 मध्ये सुरू झाला. अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहराची बीआरटी योजना कडव्या विरोधानंतर 2015 मध्ये सोडूनच दिली गेली. दोन्हीकडे वादाच्या मुळाशी मोटारींची मार्गिका घेण्याचा मुद्दा होता.

सभेला दर वेळी तेच चाळीस-पन्नास जण येतात. रोज बसनं जाणारे दिसतच नाहीत. काय करावं?

सभा संध्याकाळी सातला ठेवली तर दुसऱ्या पाळीचा कामगार, स्वयंपाकात गुंतलेली गृहिणी आणि शेवटच्या बसनं परतणारा विद्यार्थी तिथे येऊच शकत नाही. त्यांना बोलावण्यापेक्षा त्यांच्याकडे जा. बस हीच सभागृह समजा.

मार्गावरच्या विद्यमान बसमध्ये सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत, कामाच्या एका दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी, पाहणी करणारे दोघं बसवा. पुठ्ठ्याच्या कार्डावर सहापेक्षा जास्त प्रश्न नकोत: कुठे चढलात, कुठे उतरणार, घरापासून थांब्यापर्यंत किती मिनिटं चाललात, कशासाठी प्रवास, आठवड्यातून किती दिवस, आणि या प्रवासातली सगळ्यात मोठी अडचण कोणती. अक्षर मोठं ठेवा आणि परिसरात ज्या भाषा बोलल्या जातात त्या सगळ्यांत कार्ड छापा. धावत्या बसमध्ये उभ्यानं लिहिता येत नाही, म्हणून पाहणी करणाऱ्यानं स्वतः विचारून खुणा कराव्यात. कार्ड नुसती वाटली तर बरीचशी परत येत नाहीत, आणि जी येतात ती बसायला जागा मिळालेल्यांचीच असतात.

थांब्यावर उभं राहून पाहणी करताना आणखी एक चूक होते. बसची वाट बघणारा तेवढा सापडतो. बस आवाक्याबाहेर म्हणून चालत जाणारा, किंवा परतीची बस नाही म्हणून नोकरीच नाकारणारा, थांब्यावर सापडत नाही. त्यासाठी कारखान्याच्या फाटकावर, दवाखान्यात, महाविद्यालयात जावं लागतं.

प्रत्येक फेरीनंतर कोण आलं याचा हिशेब मांडा. भाडेकरू किती, मालक किती, वयोगट कोणते, बसनं जाणारे किती. शेजारी त्या पट्ट्यातल्या लोकसंख्येची तीच आकडेवारी लावा. पट्ट्यात निम्मे भाडेकरू असतील आणि सभेत त्यातला एकही नसेल, तर पुढच्या फेरीचा वेळ आणि पैसा कुठे लावायचा ते आपोआप कळतं. सभेतले हात मोजून मात्र निर्णय घेऊ नका. ज्याला मोकळी संध्याकाळ मिळते त्याचं मत त्यानं दुप्पट जड होतं.

आमची दुकानं या रस्त्यावर आहेत. पार्किंग गेलं तर धंदा बसेल. आम्ही विरोध करू नये का?

विरोध करण्याआधी मोजणी मागा. शक्य असेल तर तुमच्या व्यापारी संघटनेनं ती प्राधिकरणाबरोबर मिळून करावी, म्हणजे आकड्यांवर दोघांचा विश्वास राहील.

मोजणी अशी करतात. रस्त्याच्या दोन्ही कडांच्या पार्किंग जागांना क्रमांक द्या. कामाचा एक दिवस आणि एक शनिवार, सकाळी आठ ते रात्री आठ, दर तासाला फेरी मारून प्रत्येक जागेवरच्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे टिपा. यातून दोन गोष्टी कळतात: जागा किती भरलेल्या असतात, आणि एक गाडी किती वेळ उभी राहते. समजा 40 जागा आहेत आणि त्यातल्या 12 जागांवर तीच गाडी दिवसभर उभी आहे. ती गिऱ्हाईकाची नसते. दुकानातल्या कर्मचाऱ्यांची किंवा पलीकडून येऊन बस पकडणाऱ्यांची असते. अशा गाड्यांची सोय आतल्या रस्त्यावर केली की निम्मा प्रश्न सुटतो, आणि मार्गिकेआधीच सुटतो.

दुसरी मोजणी गिऱ्हाईकांची. दुकानातून बाहेर पडणाऱ्यांना विचारा, कसे आलात, महिन्यातून किती वेळा येता, आज साधारण किती खर्च केलात. दुकानदारांचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे यांत बरंच अंतर निघतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 च्या पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की 41 टक्के गिऱ्हाईक मोटारीनं येतं. प्रत्यक्षात ते 22 टक्के होतं. तुमच्या रस्त्यावर वेगळा आकडा येईल, कदाचित मोटारींचा वाटा खरोखरच मोठा असेल. फर्निचर, टाइल्स, घरगुती यंत्रं विकणाऱ्या दुकानांची चिंता खरी असते आणि ती आकड्यांत दिसली पाहिजे.

माल उतरवण्याच्या जागेवर मात्र तडजोड करू नका. कित्येक आराखड्यांत पार्किंगवर पानंच्या पानं असतात आणि माल उतरवण्यावर एक ओळ. ट्रकला जागा ठेवली नाही तर तो बस मार्गिकेच्या तोंडाशी किंवा सायकल मार्गावर उभा राहतो आणि पहिल्याच आठवड्यात सगळी व्यवस्था कोलमडते. मध्यम ट्रकसाठी सुमारे 12 ते 15 मीटर लांबीची जागा, दुकानापासून 50 मीटरच्या आत, शक्यतो बाजूच्या रस्त्याच्या तोंडाशी, आणि ठरावीक वेळांसाठी राखीव मागा. तुमच्याकडे कोणत्या लांबीचा ट्रक, कोणत्या वारी, किती वाजता येतो याची यादी तुम्हीच द्या. ती तुमच्याशिवाय कोणाकडे नसते.

मार्गिका सुरू झाल्यानंतरच्या दिवसांपेक्षा बांधकामाचा काळ दुकानांना जास्त जड जातो. निविदेच्या अटींतच हे लिहून घ्या: एका वेळी 300-400 मीटरपेक्षा लांब पट्टा खोदायचा नाही, पुढचा खोदण्याआधी मागचा पदपथ वापरायला खुला करायचा, प्रत्येक दुकानापर्यंत किमान 1.5 मीटर रुंद पक्की पायवाट कायम ठेवायची, पाणी-वीज बंद करायची असेल तर सात दिवस आधी लेखी कळवायचं, आणि तक्रारीसाठी दिवसभर फोन घेणारा एक माणूस नेमायचा. तोंडी आश्वासन ठेकेदाराला बांधून ठेवत नाही. निविदेतली अट ठेवते.

आधीच कोंडी आहे. एक मार्गिका बसला दिली तर ती वाढणारच. हे लोकांना कसं पटवायचं?

पटवायच्या आधी ते खरं आहे का ते तपासा. सिग्नल असलेल्या रस्त्यावर हिरवा दिवा चक्राच्या साधारण 45 टक्के वेळ मिळत असेल तर एका मार्गिकेतून तासाला 800 च्या आसपास मोटारी जातात. मोटारीमागे 1.4 माणसं धरली तर 1,100 च्या वर थोडी माणसं. बसमध्ये सरासरी 60 प्रवासी धरले तर दर तीन मिनिटांनी एक, म्हणजे तासाला 20 बस, 1,200 माणसं नेतात. दर दोन मिनिटांनी बस असेल तर 1,800. तेव्हा बसला दिलेली मार्गिका जास्त माणसं नेते, हे तीन मिनिटांच्या वारंवारतेला जेमतेम आणि दोन मिनिटांना निःसंशय खरं आहे. बस दहा मिनिटांनी एक असेल तर मार्गिकेतून जातात तासाला 360 माणसं. अशा ठिकाणी पूर्ण लांबीची मार्गिका रेटू नये. चौकाआधी 60 ते 100 मीटरची बसरांग, म्हणजे फक्त बससाठी राखलेला छोटा पट्टा, आणि बसला आधी सोडणारा सिग्नल एवढ्यानं बराच वेळ वाचतो. बसफेऱ्या पुढे वाढवायच्या असतील तर किती आणि केव्हा, हे लेखी जाहीर करावं.

आणखी एक अडचण डोळ्यांची आहे. दोन मिनिटांनी बस येते म्हणजे मधल्या वेळात मार्गिका रिकामी दिसते. शेजारी अडकलेल्या मोटारचालकाला तो रिकामेपणाच दिसतो, दोन मिनिटांनी गेलेली साठ माणसं दिसत नाहीत. म्हणून सादरीकरणात प्रतिवाहन विलंब दाखवू नका, प्रतिमाणशी विलंब दाखवा, आणि आज बस किती मिनिटं अडकते हेही दाखवा.

खरी कोंडी चौकात होते. सिग्नलच्या 120 सेकंदांच्या चक्रात चार फेज, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना आळीपाळीनं सोडण्याच्या चार पाळ्या, असतील तर प्रत्येक बदलाला पिवळा आणि सर्व बाजूंचा लाल मिळून चार-पाच सेकंद वाया जातात, म्हणजे चक्रामागे 16 ते 20 सेकंद. बसच्या मार्गिकेला आडवं जाणारं वळण बंद केलं की फेज कमी होतात, बस आणि सरळ जाणाऱ्या मोटारी दोघांनाही वेळ मिळतो. पण बंद केलेलं वळण नाहीसं होत नाही, ते कुठल्यातरी आतल्या रस्त्यानं जातं. तो रस्ता शाळेसमोरचा आहे का, दोन मोटारी समोरासमोर आल्या तर निघतात का, पावसात तिथे पाणी साचतं का, हे तिथे राहणाऱ्यांना नकाशाहून जास्त माहीत असतं. वळणबंदीची चर्चा त्या आतल्या रस्त्यावर उभं राहूनच करावी.

दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा 5.8 किलोमीटरचा बीआरटी मार्ग 2008 मध्ये सुरू झाला. उच्च न्यायालयानं 2012 मध्ये त्याविरुद्धची याचिका फेटाळली, तरी 2015 मध्ये राज्य सरकारनं तो काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्याची स्थानकं चौकांना खेटून होती. थांबलेल्या बसची रांग आणि सिग्नलची रांग एकमेकांत मिसळली की मोटारी आणि बस दोन्ही खोळंबतात. स्थानक चौकातल्या थांबा-रेषेपासून, म्हणजे वाहनं सिग्नलला थांबतात त्या रेषेपासून, शक्यतो 40 मीटर दूर असावं, असं बीआरटीच्या आंतरराष्ट्रीय मानकात म्हटलं आहे. न्यायालयात मार्ग टिकला तरी रोज त्या चौकात उभं राहणाऱ्यांच्या मनात तो टिकला नव्हता.

नव्या आराखड्यात थांबे 400 ऐवजी 800 मीटरवर आहेत. माझ्या आईला इतकं चालवत नाही. हा बदल रोखता येईल का?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंकडे खरा मुद्दा आहे, म्हणून हिशेब करून पाहू. एका थांब्याला बसचा वेग कमी होणं, दारं उघडणं-मिटणं, पुन्हा वेग घेणं मिळून साधारण 30 सेकंद जातात असं धरा. 400 ऐवजी 800 मीटर केलं की दर किलोमीटरला सव्वा थांबा कमी होतो. सहा किलोमीटरच्या प्रवासात साडेसात थांबे वाचले, म्हणजे पावणेचार मिनिटं. पण चालणं वाढलं. मार्गालगत राहणाऱ्याला थांब्यापर्यंत सरासरी 100 मीटर चालावं लागत होतं, ते 200 झालं, उतरतानाही तसंच. जादा 200 मीटर सेकंदाला 1.2 मीटर वेगानं चालायला पावणेतीन मिनिटं लागतात. लांबच्या प्रवाशाला मिनिटभराचा फायदा. दोन किलोमीटर जाणाऱ्याला सव्वा मिनिट वाचतं आणि पावणेतीन मिनिटं चालणं वाढतं. या गणितात साडेचार किलोमीटरच्या आसपास तोटा-फायदा सारखा होतो. तुमच्या आईसारखी व्यक्ती सेकंदाला 0.8 मीटर चालत असेल तर त्याच 200 मीटरला चार मिनिटांवर वेळ लागतो, आणि ती सीमा साडेसहा किलोमीटरच्या पुढे सरकते.

तेव्हा तुमच्या पट्ट्यातले प्रवासी किती लांब जातात, हा आकडा मागा. प्रवास लांबचे असतील तर 800 मीटर योग्य आहे. मग थांबे वाढवण्याऐवजी त्याच रस्त्याच्या कडेनं सगळे थांबे घेणारी साधी बस चालू ठेवण्याची मागणी करा. सरासरी अंतर कागदावर पाळूनही दवाखाना, बाजार, वृद्धांची वसाहत इथे थांबे जवळ आणि गोदामांच्या भिंतीलगत लांब ठेवता येतात. थांबे समान अंतरावर असलेच पाहिजेत असा काही नियम नाही.

जागा ठरवायला पायी पाहणी सगळ्यात उपयोगी. आठ-दहा जणांचा गट, त्यात व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, दृष्टिहीन एक, लहान मूल घेतलेले एक पालक आणि प्रकल्पाचा अभियंता. बरोबर 1:500 प्रमाणाचा नकाशा, मीटर टेप, स्टॉपवॉच आणि फक्की. नियोजित फलाटाची लांबी-रुंदी मोकळ्या जागी किंवा पदपथावर फक्कीनं आखा. मग सगळ्यात जवळच्या गल्लीच्या तोंडापासून तिथपर्यंत चालत जा आणि अडथळे नकाशावर मांडा: खचलेलं झाकण, पदपथाच्या मधोमध विजेचा खांब, उतार नसलेली कड. रस्ता 24 मीटर रुंद असेल तर 1.2 मीटरच्या वेगानं ओलांडायला 20 सेकंद लागतात, 0.8 च्या वेगानं 30. सिग्नल किती सेकंद देतो ते स्टॉपवॉचवर बघा. मध्ये थांबायची जागा निदान दोन मीटर रुंद नसेल तर बाबागाडीचं पुढचं किंवा मागचं चाक रहदारीत राहतं. हे आराखड्याच्या बैठकीत बोलून कळत नाही. फक्कीच्या रेघेवर बाबागाडी उभी केली की तिथल्या तिथे दिसतं.

स्थानक दिव्यांगांसाठी ‘पूर्णपणे सुलभ’ असेल असं सांगतात. आम्ही नेमकं काय तपासावं?

फलाटाची उंची आणि बसच्या तळाची उंची. उंच तळाच्या बसला फलाट सुमारे 90 सेंटिमीटर लागतो. 1:12 उतारानं, म्हणजे एक मीटर चढायला 12 मीटर लांबी या हिशेबानं, तेवढं चढायला 10.8 मीटर रॅम्प आणि वळणावर किंवा मध्ये 1.5 मीटर सपाट जागा लागते. खालच्या तळाच्या बसला 30 सेंटिमीटरच्या आसपास फलाट आणि 3.6 मीटर रॅम्प पुरतो. अरुंद रस्त्यात हा फरक फार मोठा आहे. रॅम्पला जागा पुरली नाही की त्याचा चढ गुपचूप तीव्र केला जातो, म्हणून आराखड्यावर त्याची लांबी स्वतः मोजा.

दुसरं, बस आणि फलाट यांतली फट. ती 10 सेंटिमीटरच्या वर गेली की व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक अडकतं. फट चालकाच्या कौशल्यावर अवलंबून असते, म्हणून फलाटाच्या कडेला बस घासली तरी चालेल अशी रबरी पट्टी आणि चालकांचं प्रशिक्षण दोन्ही मागा. प्रवेशाच्या फिरत्या दांड्यांशेजारी 90 सेंटिमीटरचं रुंद फाटक आणि वळायला 1.5 मीटर व्यासाची मोकळी जागा हवी.

बांधकामाआधी आगारात प्लायवूडचा पूर्ण आकाराचा नमुना फलाट उभारावा, खरी बस आणून लावावी आणि दिव्यांग, वृद्ध, सामान घेतलेले प्रवासी यांना चढून-उतरून बघू द्यावं. काँक्रीट ओतल्यानंतर सापडणाऱ्या चुका इथे करवतीनं दुरुस्त होतात. अहमदाबादच्या जनमार्ग या बीआरटीनं 2009 मध्ये पहिला पट्टा औपचारिकपणे सुरू करण्याआधी काही महिने प्रवाशांना मोफत प्रवास देऊन चाचणी घेतली होती. ही पद्धत सगळीकडे घ्यावी.

आमच्या मिनीबस या रस्त्यावर वर्षानुवर्षं चालतात. बीआरटी आली की आम्हाला हटवणार. आमचं मत कोणी घेईल का?

घेतलंच पाहिजे, आणि सुरुवातीलाच. तुमचे चालक त्या रस्त्यावर कोण, कुठून, किती वाजता जातं हे जाणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गची बीआरटी, रिया वाया, 2009 मध्ये सुरू होताना मिनीबस टॅक्सीवाल्यांचा मोठा विरोध झाला, हिंसाही झाली. दीर्घ वाटाघाटींनंतर त्या मार्गांवरून हटणारे टॅक्सीमालक बस चालवणाऱ्या कंपनीचे भागधारक बनले. नायजेरियातल्या लागोसमध्ये 2008 च्या पहिल्या बीआरटी मार्गावर चालकांच्या संघटनेशी संलग्न सहकारी संस्थेनं बस चालवल्या.

वाटाघाटीला बसताना कागद तयार ठेवा: गाड्यांची यादी, परवाने, कर्जाचे हप्ते, रोजच्या फेऱ्या, सरासरी कमाई. कमाई कमी दाखवायची सवय इथे अंगलट येते, कारण भरपाई किंवा भागभांडवल त्याच आकड्यावर निघतं. मालकांशी करार झाला म्हणजे चालक, वाहक आणि गाडी धुणारे यांचा प्रश्न सुटला असं होत नाही. त्यांची वेगळी यादी आणि वेगळी बैठक मागा.

घरांच्या मागच्या बंद रेल्वेमार्गावरून बस नेणार आहेत. आवाजाची आणि अपघातांची भीती वाटते.

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत 2005 मध्ये असाच मार्ग सुरू झाला, जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर, 22 किलोमीटरचा. विरोध कोर्टापर्यंत गेला होता. आवाज रोखणाऱ्या भिंती, झाडी आणि बाजूनं सायकल मार्ग बांधला गेला. सुरुवातीला खरा त्रास झाला तो आडव्या रस्त्यांवर. मोटारचालक लाल दिवा तोडून बसवर आदळू लागले आणि बसना ओलांडणीवर वेग ताशी 16 किलोमीटरपर्यंत उतरवावा लागला. वेगवान म्हणून बांधलेल्या मार्गाचा वेळ तिथे गेला. तेव्हा प्रत्येक आडव्या रस्त्यासाठी काय नियोजन आहे, फाटक की सिग्नल की पूल, ते एकेक करून विचारा.

भिंतीचा उपयोग तुमच्या खिडकीतून बस दिसत नाही इतपत ती उंच असेल तरच होतो. तेव्हा आवाज साधारण पाच डेसिबलनं उतरतो. वरच्या मजल्यांना फायदा जवळपास नसतो. विजेची बस हळू चालताना शांत असते, वेग ताशी 50 च्या पुढे गेला की टायरचाच आवाज मोठा होतो. आवाजाचं मोजमाप दुपारी न करता पहिल्या आणि शेवटच्या बसच्या वेळी करायला सांगा.

आम्ही दिलेल्या सूचनांचं पुढे काय होतं ते कधीच कळत नाही. ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं.

‘नोंद घेतली’ हे उत्तर नाही. प्रत्येक फेरीनंतर चार आठवड्यांत सूचनांचं सार्वजनिक पत्रक निघालं पाहिजे. त्यात पाच रकाने पुरतात: सूचनेचा क्रमांक, ठिकाण, सूचना एका वाक्यात, निर्णय, आणि कारणासह आराखड्याच्या पानाचा क्रमांक. निर्णयाच्या रकान्यात ‘स्वीकारली’, ‘अंशतः स्वीकारली’, ‘नाकारली’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत तपासणार’ एवढेच शब्द चालावेत. कारणातही खुलासा हवा. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ यावरून काही कळत नाही. ‘फलाट 30 मीटर पूर्वेला नेला तर मुख्य जलवाहिनीवर येतो, ती हलवायला जादा खर्च आणि तीन महिने लागतात’ यावरून कळतं, आणि त्यावर प्रश्नही विचारता येतो.

नाकारलेल्या सूचना त्यात हव्यातच. फक्त मान्य झालेल्या छापल्या की लोक पुढच्या फेरीला येत नाहीत, आणि मग अधिकारी म्हणतात की लोकांना रस नाही.

हे पत्रक मार्ग सुरू झाल्यावरही चालू राहावं. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजणी करावी: बसचा वेळ, ओलांडणीवर पादचाऱ्यांना थांबावं लागणारा वेळ, पार्किंगमधल्या गाड्या, आतल्या रस्त्यावरची रहदारी. दुरुस्त्यांसाठी मूळ अंदाजपत्रकातच वेगळी रक्कम राखून ठेवायला लावा. ठेकेदाराचं अंतिम बिल निघून गेलं की चुकलेला एक खांब हलवायलाही नवी मंजुरी लागते.